रस्त्यावरचं मशीन आणि आप्पांचा डोळा

आप्पांच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला त्या सकाळी माझी गाडी पंचावन्न टक्क्यांवर होती. दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या, पावणेआठला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चार्जिंगची वायर, आणि दौंडहून वडिलांच्या शेजारचे मामा सांगत होते, "तुझ्या बापाला उजव्या डोळ्यानं काय दिसंना गं. चहाचा कप धराया गेला आन् हात कपाच्या बाजूनंच गेला. मी डॉक्टरकडं घिऊन चाललोय. तू निघ."

मी तेव्हा शिरूरला रस्त्यावर, मशीनसमोर उभी होते. मी शिरूरला एकटी राहते, दुसऱ्या मजल्यावर. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करते. बिल्डिंगला पार्किंग आहे, पण त्यात माझी जागा नाही, आणि जागा नाही म्हणजे प्लगही नाही. दोन वर्षांपूर्वी विजेवरची गाडी घेतली ती या रस्त्यावरच्या मशीनच्या भरवशावर. फुटपाथला लागून उभं असलेलं, हिरव्या पट्ट्याचं, पाहिलं की वाटावं देश पुढे चाललाय. पहिल्या महिन्यातच मला कळून चुकलं की घरी चार्ज करणाऱ्याची ती गाडी असते, रस्त्यावर चार्ज करणाऱ्याची ती दुसरी नोकरी असते.

त्या मशीनपुढे कधी पेट्रोलची गाडी लावलेली असते, कधी केळ्यांचा गाडा. सगळं रिकामं असलं तर मशीन बंद असतं. सगळं रिकामं आणि मशीनही चालू, असा योग आला तर घरच्या युनिटच्या तिप्पट भाव. वीज जरा खालीवर झाली की ते आपणहून थांबतं आणि थांबल्याचं कोणाला सांगत नाही. आदल्या संध्याकाळी मी गाडी लावून वर गेले होते, सकाळी शंभर दिसायला हवे होते. दिसले पंचावन्न. मी मशीनला जे बोलले ते आईनं ऐकलं असतं तर माझं तोंड धुतलं असतं. आई नाही आता, त्यामुळे मी मोकळी आहे.

पंचावन्नावर निघाले. शिरूर ते दौंड साठेक किलोमीटर. माझी गाडी एका टक्क्यात दोन किलोमीटर जाते, त्यातही एसी बंद ठेवला तर. मी एसी बंद ठेवला, काच खाली केली, न्हावऱ्यापर्यंत धूळ खात गेले. इनामगावच्या फाट्यापाशी एक ट्रॅक्टर पुढे आडवा होता, त्याच्या मागे रांगत गेले. ऊसतोड अजून सुरू झाली नव्हती, एवढंच नशीब. सगळा वेळ माझं एक लक्ष रस्त्यावर आणि एक लक्ष त्या आकड्यावर. आप्पांच्या डोळ्याचा विचार करायला मला जागाच उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तो करायचाही नव्हता.

दौंडला डॉक्टरांच्या दवाखान्यात आप्पा बाकावर बसले होते. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, केस पाणी लावून चापून बसवलेले. लग्नाला निघाल्यासारखे. मला पाहून म्हणाले, "आलीस व्हय. काय न्हाई, उगीच मामानं तुला पळवलं."

डॉक्टर मला आत घेऊन गेले. म्हणाले, "डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. भिंतीचा पोपडा सुटतो ना, तसा. मधला भाग अजून धरून असेल तर नजर वाचेल. तो सुटून दिवस गेले की पडदा परत बसवता येतो, पण नजर येत नाही. इथल्या मशीनवर मला खात्रीनं सांगता येत नाही. ते म्हणतात आज सकाळपासून झालंय. तसं असेल तर वेळेत आहात." मग त्यांनी हडपसरला त्यांना शिकवलेल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. दोन वाजेपर्यंत पोचलात तर त्या आजच टेबलावर घेतील, असं ठरलं. उद्यापासून आठवडाभर त्या परगावी होत्या. "आणि धक्के लागू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "मान उजवीकडे कलती ठेवा. सांभाळून न्या."

बाहेर मामा पिकअपची किल्ली हातात घेऊन उभे. "माझी गाडी हाय की. दीड तासात हडपसर." मी म्हटलं, पिकअपमध्ये धक्के बसतात. ते म्हणाले, मग भाड्यानं कार सांगतो, अर्ध्या तासात येईल. मी म्हटलं, कशाला? स्टेशन रोडला चार्जिंगचं मशीन आहे, फास्टवालं. वीस मिनिटं लावते आणि निघते, तुमची भाड्याची गाडी येईस्तोवर मी पाटस ओलांडलेलं असेल.

धक्क्यांचं कारण खोटं नव्हतं. पण ते पूर्ण खरंही नव्हतं. गाडी घेतली तेव्हा मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "खेळणं बरंय. सेल कितीचं लागत्यात?" सगळी आळी हसली होती. तेव्हापासून या गाडीनं काही अडलं असं मामांना दिसू द्यायचं नाही, एवढा पण मी केला होता. बापाचा डोळा जायची वेळ आली तरी माझं नाक जागेवर होतं.

स्टेशन रोडचं मशीन काळं पडलेलं. बटण दाबलं, काही नाही. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातला माणूस बाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्रानं वारा घेत होता. त्यानं माझी खटपट थोडा वेळ पाहिली आणि म्हणाला, "ताई, आज गुरुवार हाय."

आमच्या जिल्ह्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लोक बुधवारीच दळण आणतात, मोबाईल भरून ठेवतात, टाकी चढवून घेतात. आमच्या कारखान्यात मीच दर बुधवारी जनरेटरचं डिझेल मोजते. आणि मीच गुरुवारी सकाळी अकराला विजेचं मशीन दाबत उभी होते. मी त्या माणसाला विचारलं, लाईट कधी येईल. तो म्हणाला, "आली तर चारला. न्हाईतर सहाला." मी त्याच्यावर ओरडले, जणू फ्यूज त्यानंच काढून खिशात घातला होता. तो वर्तमानपत्र उलटं करून पुन्हा वारा घेऊ लागला.

गाडीत सत्तावीस टक्के. म्हणजे चौपन्न किलोमीटर, जपून. सोलापूर रस्त्यावर कासुर्डीच्या अलीकडे एका हॉटेलपुढे दोन गनचं, म्हणजे गाडीत खोचायच्या दोन मुठींचं मशीन आहे, ते मला माहीत होतं. दौंडपासून चाळीस किलोमीटर. हायवेची लाईन वेगळी, तिथे गुरुवारीही लाईट असते. मोबाईलवर पाहिलं, हिरवं दिसत होतं. हिरवं म्हणजे चालू, असं ते म्हणतात.

मामा मागून आलेच होते. "मी मागनं पिकअप घिऊन येऊ का? तू अडकलीस तर हाताशी असंल." मी नको म्हटलं. हे मी आजही आठवते तेव्हा माझे कान गरम होतात.

आप्पांना पुढच्या सीटवर झोपवलं, सीट मागे पाडून, मान उजवीकडे, खाली उशी. खड्डा दिसला की मी आधीच सांगायची, "आप्पा, धरा," आणि ते दाराची मूठ घट्ट धरायचे. ताशी पन्नासच्या वर जायचं नाही, कारण वेग वाढला की टक्के पळतात. मागून ट्रक हॉर्न मारत होते. पाटसला वीस. यवतला दहा. एकदा त्यांनी विचारलं, "किती ऱ्हायलं?" मला वाटलं ते अंतर विचारतायत. मी म्हटलं, पोचलोच. ते म्हणाले, "तसं न्हाई, टक्का किती ऱ्हायला?" मी खोटं बोलले, पंधरा म्हणाले.

कासुर्डीच्या हॉटेलवर पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि गाडी सात टक्क्यांवर होती. हडपसर अजून बत्तीस किलोमीटर. मी मनात हिशोब केला. वीस मिनिटं चार्जिंग, पाऊण तास रस्ता, पंधरा मिनिटं दवाखाना शोधायला. बसत होतं.

मशीन चालू होतं. एका गनवर एक कॅब लागलेली, दुसरी गन मोकळी. मला इतकं बरं वाटलं की मी मशीनवर हात ठेवून उभी राहिले. मग कळलं की हे मशीन नव्या कंपनीचं आहे आणि तिचं ॲप माझ्याकडे नाही. माझ्या फोनमध्ये तीन कंपन्यांची तीन पाकिटं आहेत, प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेले, कुठलेही दुसरीकडे न चालणारे. चौथं उतरवून घेतलं. नाव, नंबर, गाडीचा नंबर, पाचशे रुपये आगाऊ. रेंज एक कांडी. त्यात सहा मिनिटं गेली.

गन लावली. स्क्रीनवर आलं की गन नीट बसलेली नाही. काढून पुन्हा लावली. तेच. हॉटेलचा वॉचमन जवळ आला, बिहारकडचा, पांढऱ्या मिशीचा. म्हणाला, "मैडम, नीचे से उठाके दबाओ. सबका ऐसे ही लगता है." मी खालून उचलून दाबली. तेच. त्यानं स्वतः लावून पाहिली, खांदा लावून. तेच. मी मशीनवरच्या नंबरला फोन केला. आधी भाषा निवडायची होती, मग तक्रारीचा प्रकार, मग एक गाणं. शेवटी एक बाई आली, गोड आवाजाची. ती म्हणाली, मॅडम, इथं आमच्या सिस्टिमला मशीन बरोबर दिसतंय. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

"तुमच्या सिस्टिमला दिसतंय, माझ्या बापाला दिसत नाहीये," मी तिच्यावर किंचाळले. ती म्हणाली, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.

साडेबारा झाले. मी कॅबवाल्याकडे गेले. तो सोलापूरकडचा, चाळिशीचा, पाय दाराबाहेर टाकून बसलेला. त्याची गाडी अठ्ठ्याहत्तरवर होती. मी सांगितलं, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, दोनला पोचायचंय, ती गन खराब आहे, तुमची मला द्या. विनंती करायची होती, पण माझ्या तोंडून ती हुकमासारखी निघाली.

तो मग उठून माझ्या गाडीपाशी गेला आणि काचेतून आप्पांकडे पाहिलं. आप्पा डोळे मिटून, मान कलती करून पडले होते, दोन्ही हात छातीवर. तो परत आला, आपलं चार्जिंग थांबवलं, गन काढली आणि माझ्या हातात दिली. "घ्या ताई. माझं भागंल तेवढ्यात. भिगवणला एक मशीन हाय, चालू असलं तर."

मी ती गन माझ्या गाडीला लावली. स्क्रीनवर तेच आलं. गन नीट बसलेली नाही.

ही गन आत्ता, अर्ध्या मिनिटापूर्वी, दुसऱ्या गाडीला बसलेली होती. मी पाहिली होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बिघाड मशीनमध्ये नाही. सकाळपासून मी शिरूरचं मशीन, दौंडचं मशीन, झेरॉक्सवाला, वीज कंपनी, फोनवरची बाई, सगळ्यांचा उद्धार केला होता. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात त्यातली गत. पण मग काल शिरूरला गाडी पंचावन्नपर्यंत तरी कशी आली?

कॅबवाल्यानं मोबाईलची बॅटरी लावली आणि आम्ही दोघं खाली वाकलो. गाडीच्या बाजूला जिथे गन बसते तिथे दोन भाग असतात. वरचा गोल भाग शिरूरच्या सावकाश मशीनला लागतो. त्याच्या खाली दोन मोठी भोकं असतात, ती फास्ट मशीनची, त्यांच्यावर वेगळं झाकण. ते खालचं झाकण मी कित्येक दिवसांत उघडलं नव्हतं. त्या दोन भोकांत लाल-पिवळा लगदा वाळून बसला होता. हळद-कुंकू. आणि डाव्या भोकात तांदळाचा दाणा, कुंकवात भिजून घट्ट झालेला. अक्षता.

दसऱ्याला मी गाडी घेऊन दौंडला गेले होते. दारात लावली होती. आप्पांनी तिची पूजा केली, चार्जिंगची दोन्ही झाकणंसुद्धा उघडून. झेंडूची माळ, हळद-कुंकू, अक्षता, चाकाखाली लिंबू. आमच्याकडे दसऱ्याला यंत्राची पूजा आप्पाच करतात, कारण ते रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर होते, पस्तीस वर्षं. शेडमध्ये दसऱ्याला मोटारी, पॅनेल, पाने, पक्कड, सगळं मांडून पूजा व्हायची. लहान असताना मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. नव्यानं लागलेला एक माणूस स्विचच्या आत कुंकू लावायला निघाला तर आप्पांनी त्याचं मनगट धरलं होतं. बाहेरच्या पत्र्याला लाव, म्हणाले, जिथून करंट जातो तिथं देवाचंसुद्धा काय घालायचं न्हाई. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून कुंकवाचा कण आत गेला नव्हता.

मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "आप्पा, चार्जिंगच्या खालच्या भोकात हळद-कुंकू आहे. तांदूळ आहे."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मी तर कडंला लावलं व्हतं," ते म्हणाले. "पत्र्याला."

"आत आहे. दोन्ही भोकांत."

भर दुपारी, दारात, ऊन असताना त्यांना झाकणाची कड कुठली आणि भोक कुठलं हे दिसलं नव्हतं. म्हणजे आज सकाळपासून नाही. चहाच्या कपापासून नाही.

"दसऱ्याला तुम्हाला दिसत होतं का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"आधी गन लाव," आप्पा म्हणाले. "गाडी बंद कर आधी. पुरती बंद. आन् त्यात लोखंड घालू नगंस, पिन न्हाई, चावी न्हाई. लाकूड घे."

वॉचमन पळत आत गेला आणि गल्ल्यावरच्या बडीशेपेच्या वाटीशेजारची दातकोरण्यांची डबी घेऊन आला. मी गुडघ्यावर बसले. पहिली काडी मोडली. दुसरीही मोडली. कुंकू दगडासारखं झालं होतं. कॅबवाला बॅटरी धरून होता. दारातून आप्पा सांगत होते, न पाहता, जसे शेडमध्ये हाताखालच्या माणसाला सांगत असतील, "दाबू नगंस. कडंनं फिरव. सुटंल. पानी लावू नगंस. कोरडंच काढ." पंधरा-वीस काड्या मोडल्या असतील. हळद-कुंकू भुगा होऊन खाली पडलं. तांदूळ शेवटी निघाला, दोन तुकडे होऊन. आप्पा म्हणाले, "फुक न्हाई, फडकं. सुकं फडकं." मी ओढणीच्या टोकानं पुसलं.

गन लावली. आत खटका पडला. स्क्रीनवर आकडे फिरू लागले.

एक वाजायला पाच कमी होते. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. सात, आठ, नऊ. कॅबवाला मला पाण्याची बाटली देऊन सोलापूरच्या रस्त्याला लागला. मी त्याला नीट धन्यवादही म्हटलं नाही. अकरा, बारा. दारातून आप्पांचे पाय दिसत होते, काळे बूट, पॉलिश केलेले, एका बुटाची नाडी चुकीच्या भोकातून ओवलेली. सकाळपासून ते बूट माझ्या डोळ्यांसमोर होते. मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा आला, मामांचा आला, माझा आला. पण ऑपरेशनच्या आधी भांडायचं नाही, एवढी अक्कल मला होती. पंचवीसला मी गन ओढून काढली.

हडपसरला पोचलो तेव्हा दोनला दहा मिनिटं होती. गाडी नऊवर. मोठ्या डॉक्टर साठीच्या, बारीक, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आप्पांची हनुवटी मशीनवर ठेवून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "बाबा, केव्हापासून दिसत नाहीये?"

"आज सकाळपासून," आप्पा म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "दसऱ्यापासून. आज सहा दिवस झाले."

आप्पांनी मान माझ्याकडे वळवली. आयुष्यात मी त्यांना कधी दुसऱ्यांसमोर खोटं पाडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "मलाही ते आजचं वाटत नाही. मधला भाग सुटलाय आणि सुटून बरेच दिवस झालेत." त्या माझ्याकडे वळल्या. "आपण ऑपरेशन करू. पडदा बसेल. उजेड कळेल, माणूस आला-गेला कळेल. पण त्या डोळ्यानं अक्षर वाचता येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर गोष्ट वेगळी होती."

पुढचा पाऊण तास आम्ही एका लहान खोलीत बसलो होतो. आप्पांना हिरवा झगा घातला होता, कपाळावर उजव्या डोळ्याच्या वर पेननं बाण काढला होता. दर दहा मिनिटांनी नर्स येऊन थेंब टाकायची. ती गेली की मी विचारायची, आणि ती आली की गप्प बसायची.

"मला का नाही सांगितलं?" मी तिसऱ्यांदा विचारलं. मी ओरडत होते. त्यांना ओरडा नको होता, मलाही नको होता, पण माझा आवाज माझं ऐकत नव्हता. "मामा शेजारी आहेत. डॉक्टर गावात आहे. फोन आहे. रोज बोलतो आपण. सहा दिवस तुम्ही काय केलं?"

"दसऱ्याला नुसतं धुरकट व्हतं," आप्पा म्हणाले. "मला वाटलं वय झालं. रविवारी खालच्या बाजूनं काळं चढाया लागलं. तवा कळलं, हे काय खरं न्हाई. सोमवारी संध्याकाळी तुला सांगायचं ठरवलं व्हतं."

"मग?"

"सोमवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, मशीनपुढं कुणीतरी पेट्रोलची गाडी लावून गेलाय, नऊपतोर रस्त्यावर हुभी व्हते, जेवले न्हाई. मंगळवारी म्हणालीस, मशीन चालू हाय पर भाव वाढिवला. काल म्हणालीस, लावलीय गाडी पर भरवसा न्हाई."

मला प्रत्येक शब्द आठवला. सोमवारी अर्धा तास, मंगळवारी अर्धा तास. आप्पा, जेवलात का, एवढं विचारून मी सुरू झाले होते. आणि ते पलीकडून हं, हं म्हणत होते. मला वाटायचं, त्यांना विजेच्या गोष्टींत रस आहे म्हणून ऐकतात.

"आन् तूच म्हणालीस," आप्पा पुढे म्हणाले, "रविवारी दुकानं बंद असत्यात, तवा मशीन रिकामं सापडतं, गाडी फुल हुती. म्हटलं, रविवारी सांगू. मधीच सांगितलं तर तू हाय तशी निघशील, आन् रस्त्यात कुठंतरी एकटी हुभी ऱ्हाशील. मोप झाले की दिस, आनखी तीन-चार काढू."

मला लाज वाटली. मी खाली बघत राहिले आणि त्यांच्या बुटाची चुकीच्या भोकातली नाडी सोडवून नीट ओवायला लागले, कारण मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. नर्स आली. तिनं सांगितलं की बूट काढायचे आहेत, आत बूट चालत नाहीत. मी ते काढले. ती त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली.

रविवार यायला अजून तीन दिवस होते.